‘डॉग’ची नोंद

४ जून

प्रिय टिल्ल्या,

आशीर्वाद. फोन करणार होते, पण फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि तू निम्मंच सांगतोस, म्हणून पत्र. शिवाय मला जे हवंय ते लेखीच हवंय.

माझ्या शाळेत सध्या काय चाललंय ते ऐक. मी निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी शाळा समितीवर आहे आणि सातवीच्या इंग्रजीला अजून माझीच टिपणं वापरतात, हे तुला ठाऊक आहे. (फुशारकी मारतेय असं म्हणू नकोस, मारतेच आहे.) गेल्या वर्षी इंग्रजीला एक नवी बाई आली. नवी म्हणजे माझीच विद्यार्थिनी, दोन घट्ट वेण्या घालून पहिल्या बाकावर बसायची. आता केस कापलेत, तरी मी तिला दुवेणीच म्हणते. ती नोकरीला लागली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता.

तर या दुवेणीने भर वर्गात सांगितलं की ‘डॉग’ या शब्दाचा उगम कोणालाच माहीत नाही आणि टिपणांत दिलंय ते चूक आहे. मुलींनी घरी जाऊन सांगितलं, एका पालकाने मुख्याध्यापिकांना विचारलं, आणि चार दिवसांत सगळ्या शाळेत झालं की मोठ्या बाईंनी, म्हणजे मी, इतकी वर्षं चुकीचं शिकवलं. मी तिला शिक्षकांच्या खोलीत गाठलं. म्हटलं, अगं, माझ्या सख्ख्या भावाने कोशात लिहिलंय ते! तर म्हणते कशी, “बाई, तुमच्या भावाच्या कोशाशिवाय कुठेच नाहीये.” माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू!

मी ते समितीपुढे नेलं आहे. तिची नोकरी कायम करायची की नाही हे २४ तारखेच्या बैठकीत ठरायचंय. विद्या असो नसो, मोठ्यांचा मान ठेवायला शिकली पाहिजे की नको?

तू एवढंच कर. ‘मूळ अर्थ, दारात बसून राखण करणारा, पुढे त्या कामावरून प्राण्याला हे नाव पडले’ ही नोंद तू कुठल्या ग्रंथावरून घेतलीस, ते कोशाच्या कचेरीच्या कागदावर चार ओळींत लिहून पाठव. सही ठसठशीत कर.

तुझी,
ताई


११ जून

ताई,

साष्टांग नमस्कार. पत्र मिळालं. तुझा राग पाकिटातूनच कळला, तिकीट उलटं चिकटवलं होतंस.

कचेरीचा कागद आता माझ्याकडे कुठला? मलाही निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. नोंदींची आमची जुनी कार्डं एका गोदामात गेली आणि तिथे उंदरांनी बरीचशी अभ्यासली असं ऐकतो. तेव्हा अमुक नोंद अमुक ग्रंथावरून, असं आज सांगणं अवघड.

शब्द मात्र मोठा मजेदार आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो कुठे तरी एखाद्या ठिकाणी सापडतो, ‘डॉग्गा’ अशा रूपात. तेव्हा कुत्र्याला सगळे ‘हाउंड’च्या जुन्या रूपाने ओळखायचे. मग हा कुठून आला कोण जाणे, त्याने हळूहळू हाउंडला घरातून बाहेर काढलं आणि शिकारीपुरतं ठेवलं. बेडूक, डुक्कर आणि सांबराच्या नराचे त्यांचे जुने शब्दही असेच ‘ग्गा’वर संपणारे, सगळे एकाच कळपातले वाटतात. पुढे फ्रेंच आणि जर्मन लोकांनी हा शब्द इंग्रजांकडून घेतला, पण मोठ्या, दांडग्या जातीच्या कुत्र्यांपुरता. लाकूड पकडून ठेवणारा लोखंडी आकडा, तोही डॉग. शेकोटीत ओंडके ज्यावर ठेवतात ती लोखंडी घोडी, तीही डॉग. पाठ न सोडता कोणाच्या मागे लागणं, त्याचं क्रियापद हेच. तू माझ्या पुस्तकांची पानं दुमडायचीस ना, त्या दुमडलेल्या कोपऱ्याला ते कुत्र्याचा कान म्हणतात. आणि शिवी तर आहेच. एवढासा तीन अक्षरांचा शब्द, पण त्याच्या अर्थांना मी पावणेदोन रकाने दिले होते.

ताई, त्या मुलीचं एवढं मनावर घेऊ नकोस. तरुण आहे, चार पुस्तकं जास्त उघडते, त्यात वाईट काय? समितीतला तो विषय मागे घे. उन्हाळा आहे, तुझा रक्तदाब आहे. गोळ्या वेळेवर घेतेस ना?

तुझा,
टिल्ल्या


१६ जून

प्रिय टिल्ल्या,

गोळ्या घेते. उडवाउडवी करू नकोस.

तुझं पत्र मी मुख्याध्यापिकांना वाचून दाखवलं, उंदीर आणि रक्तदाब वगळून. त्या थक्क झाल्या. म्हणाल्या, एवढा अभ्यास असलेला माणूस चूक कशी करेल? मीही तेच म्हटलं. तुझा स्वभाव मला माहीत आहे. लहानपणी पहिला नंबर आला तरी प्रगतिपुस्तक दप्तरात लपवून ठेवायचास. आताही तसंच, आपलं म्हणणं ठासून सांगायला लाजतोस. म्हणून तुझ्या वतीने मीच सांगून टाकलं की माझा भाऊ त्या नोंदीच्या पाठीशी उभा आहे.

दुवेणी तीन जाडजूड कोश घेऊन आली होती. तिन्हींत लिहिलंय, उगम अज्ञात. मी म्हटलं, हे सगळे एकमेकांचं बघून लिहितात, माझ्या भावाने स्वतः शोधून लिहिलंय. त्यावर तिने कोश मिटले. समितीने आता ठरवलंय की तिने लेखी माफीनामा द्यावा, दिला तर नोकरी कायम. नाही दिला तर जुलैपासून घरी. तिचा नवरा सध्या घरीच बसून आहे, लहान मूल आहे. मागेल माफी. मला काही तिचं वाईट करायचं नाही रे, फक्त चूक कबूल करून घ्यायची आहे.

आणि ही नोंद मी सोडून देऊ शकत नाही, कारण तुला माहीत आहे. अठरा वर्षं मी सातवीला हा शब्द शिकवताना पुस्तक मिटून ठेवायचे. म्हणायचे, मुलींनो, हा शब्द शिवी म्हणून वापराल तर विचार करा. जो दुसऱ्याच्या दारात बसून त्याचं घर राखतो त्याला हे नाव आहे. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर अण्णा असायचे. काचकारखान्याच्या फाटकावर, खाकी सदरा, छातीवर पितळी बिल्ला. मुलींना ते कधी सांगितलं नाही, पण माझा आवाज जड व्हायचा. तू त्या नोंदीत आपल्या अण्णांना मान दिलास असं मला नेहमी वाटत आलंय.

२४ च्या आत चार ओळी पाठव. साध्या कागदावर चालतील.

तुझी,
ताई


२० जून

ताई,

हे पत्र एकटी असताना वाच.

ती नोंद खोटी आहे. दुवेणी बरोबर आहे. त्या शब्दाचा उगम कोणालाच माहीत नाही, मलाही नव्हता. ते वाक्य मी स्वतः रचलं.

हे कसं झालं ते सांगतो. आमच्या धंद्यात एक रीत होती. दुसरे कोशवाले आमच्या नोंदी सरळ उचलायचे, म्हणून प्रत्येक संपादकाने आपल्या विभागात एक खोटी नोंद घालायची. तिला आम्ही ‘गळ’ म्हणायचो. कोणाच्या कोशात तीच नोंद दिसली की चोर सापडला. नियम एकच होता, गळ अशा शब्दात टाकायचा जो शंभर वर्षांत कोणी उघडून बघणार नाही. आणि मी तो टाकला ‘डॉग’मध्ये, जो शब्द पोरं पहिल्या दिवशी शिकतात. मुख्य संपादकांनी कार्ड पाहिलं आणि ओरडलेच, “अहो, शुद्धीवर आहात ना? प्रूफात काढून टाका हे.” मी हो म्हटलं आणि काढलं नाही.

आता का, ते सांगतो. हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

मी सातवीत होतो. शाळेतून येताना आमची चार-पाच जणांची टोळी कारखान्यावरून यायची. त्यांतल्या दोघांचे वडील कारखान्यात साहेब होते. फाटकावर अण्णा दिसले की ती पोरं ‘डॉग, डॉग’ म्हणायची आणि भुंकायची. ते माझे वडील आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. एक दिवस एकाने मला ढोसलं, “तू का रे गप्प?” आणि मी भुंकलो, ताई. अण्णांच्या तोंडाकडे बघून भुंकलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात गाडी आली म्हणून फाटक उघडायला वळले.

संध्याकाळी घरी आले, पाय धुतले, जेवायला बसले. तू वाढत होतीस. मला वाटलं आता पट्टा निघणार. ते एवढंच म्हणाले, “काय रे, ते डॉग म्हणजे काय?” तुला आठवत नसेल. तू हसलीस आणि आत पाणी आणायला गेलीस. मी म्हटलं, “दारात बसून राखण करतो, त्याला म्हणतात.” अण्णा म्हणाले, “बरं.” आणि जेवले.

त्यांना कळलं नसेल का? आम्ही भुंकत होतो. आंधळ्या-बहिऱ्यालाही कळलं असतं.

‘डॉग’चं कार्ड पुढे आलं तेव्हा उगमाची जागा कोरी होती आणि मुख्य संपादक गळ मागत होते. माझ्या हाताने तेच वाक्य लिहिलं. प्रूफं आली त्या आठवड्यात अण्णा दवाखान्यात होते. त्यांच्या खाटेशेजारी बसून मी ती तपासत होतो. ते वाक्य खोडायला पेन टेकवलं आणि त्यांनी विचारलं, काय वाचतोयस. मी वाचून दाखवलं.  अण्णा म्हणाले, “छापणार हे?” मी म्हटलं, “हो.” मग पेनचं टोपण लावलं. पुढच्या दोन आवृत्त्यांतही ते तसंच ठेवलं, कारण तोवर तू ते शिकवायला लागली होतीस आणि मला आनंदाने पत्रं लिहीत होतीस.

अण्णांना मान दिला, असं तू लिहिलंस. मी फक्त माझं पाप छापून घेतलं आणि त्यावर तुझ्याकडून शाबासकी घेत राहिलो. मागचं पत्रही तसंच लिहिलं, पावणेदोन रकान्यांचं, म्हणजे तुला कळू नये. मला लाज वाटते, ताई. त्या मुलीची नोकरी जाईल म्हणून आज लिहितोय, नाहीतर आजही लिहिलं नसतं, आणि त्याचीही लाज वाटते.

हे पत्र बैठकीत वाच. सगळं वाच, भुंकण्यासकट. पण तिच्याकडून माफी घेऊ नका.

टिल्ल्या


२ जुलै

टिल्ल्या,

तुझं पत्र २४ तारखेला सकाळी अकराला मिळालं. बैठक चारला होती.

मी ते तीनदा वाचलं. मग घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि शाळेत गेले. तुला वाटेल वाचायला नेलं. मलाही तसंच वाटत होतं. जिना चढेपर्यंत मी वाक्यं जुळवत होते.

आत पाच जण बसले होते. मुख्याध्यापिकांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. म्हणाल्या, “बाई, तुमच्यामुळे शाळेचा दर्जा टिकून आहे.” आणि मी पर्स न उघडताच खुर्चीवर बसले. दुवेणीने माफी घरूनच लिहून आणली होती. उभी राहून वाचली. ‘या शब्दाच्या उगमाविषयी मी केलेले विधान निराधार होते. त्यामुळे ज्येष्ठ शिक्षिकेचा अवमान झाला, याबद्दल मी दिलगीर आहे.’ मुख्याध्यापिका म्हणाल्या, बाईंसमोर सही कर. तिने केली. मी पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले होते. तारखेत तिचा हात थांबला, तिने मला विचारलं, “बाई, आज चोवीस ना?” मी म्हटलं, “हो.”

त्या दिवशी त्या खोलीत मी बोललेलं तेवढंच.

तुझ्यावर इतके दिवस चिडले होते. तू मला तोंडघशी पाडलंस, अण्णांच्या नावावर मला फसवलंस, सगळं मनात बोलून झालं. पण माझं ओरडणं तुझ्यापाशी जाऊन परत माझ्याकडेच येतं. तू बारा वर्षांचा होतास. मी बहात्तर वर्षांची आहे.

आणि एक गोष्ट तुला ठाऊक नाही. शाळेत कोणी विचारलं तर मी सांगायचे, वडील काचकारखान्यात होते, व्यवस्थेत. व्यवस्थेत! म्हणजे लोकांनी साहेब समजावं. नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगितलं आणि मग तेच चालू ठेवलं. वर्गात आवाज जड करून राखण करणाऱ्यांचा मोठेपणा सांगायचे आणि शिक्षकांच्या खोलीत आपला बाप लपवायचे. तू एक दिवस भुंकलास. मी रोज तोंड मिटून तेच केलं.

काय करायचं ते सुचत नाही. शाळेवरून जायचं टाळते आहे, भाजीला लांबच्या रस्त्याने जाते.

ताई


७ जुलै

ताई,

तू काय करावंस हे मी कोणत्या तोंडाने सांगू? मी माझ्यापुरतं केलं.

कोशाच्या कचेरीला कळवलं आहे. त्यांचं उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू, आणि खाली एका तरुण संपादकाने हाताने लिहिलंय की आजवर दोन कोशांनी ही नोंद उचलली आहे, अभिनंदन. मला हसूही आलं नाही.

तुझ्या शाळेच्या समितीला पत्र लिहून तयार आहे. नोंद माझी, लबाडी माझी, मुलगी निर्दोष. माझं २० तारखेचं पत्र तुला कधी मिळालं हे त्यात लिहिलेलं नाही. ते कोणाला कळायची गरज नाही. तू फक्त हो म्हण, मी पत्र टपालात टाकतो.

टिल्ल्या


२८ जुलै

प्रिय टिल्ल्या,

तू पत्र टाकू नकोस असं कळवायला मी दुसऱ्याच दिवशी कार्ड पाठवलं, ते मिळालं असेल. मला वाचवणारं पत्र होतं ते, म्हणून नको होतं. तू मला असं वाचवायला लागलास तर आपण आणखी वीस वर्षं एकमेकांना वाचवत बसू.

मी आधी दुवेणीच्या घरी गेले. दुपारी तीनला. दोन खोल्या, दोरीवर मुलाचे कपडे, नवरा वह्यांना कव्हरं घालत होता. मी तुझं २० तारखेचं पत्र तिच्या हातात दिलं. तिने उभ्यानेच वाचलं. मग पाकीट उलटंपालटं करून टपालाचा शिक्का पाहिला. मीच सांगितलं, “चोवीसला सकाळी मिळालं. तू सही केलीस तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं.”

टिल्ल्या, मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला घराबाहेर काढेल. ती म्हणाली, “तुम्ही पर्स घट्ट धरून बसला होतात. मला वाटलं तुम्हाला बरं नाहीये. मी शिपायाला पाणी आणायला सांगितलं होतं.” हे खरं आहे. पाणी आलं होतं आणि मी प्यायले होते.

मी माफी मागितली. ती म्हणाली, “बाई, इथे नको. माझ्या नवऱ्याला माहीतच होतं मी बरोबर आहे. सातवीतल्या मुलींना वाटतं मी चुकीचं शिकवते. उद्या तिसऱ्या तासाला या.” तिने बसा म्हटलं नाही. मीही बसले नाही.

समितीपुढे मी तुझं पत्र वाचलं, भुंकण्यासकट, आणि ते कधी मिळालं तेही सांगितलं.  दुवेणीचा माफीनामा तिला परत दिला, नोकरी कायम झाली. मी राजीनामा दिला, तो त्यांनी फार आग्रह न करता घेतला. जिन्यात कोणी माझ्याबरोबर उतरलं नाही. जाऊ दे, ते तसंच व्हायला हवं होतं.

आता वर्गाचं सांगते, कारण तेच तुला सांगायचं होतं.

दुवेणीने मला खुर्ची दिली, मी उभीच राहिले. चाळीस मुली. मी म्हटलं, टिपणांत ‘डॉग’बद्दल लिहिलंय ते चूक आहे, तुमच्या बाई सांगतात ते बरोबर आहे, आणि हे मला आधीच कळलं होतं तरी मी तुमच्या बाईंना माफी मागू दिली. हे शेवटचं वाक्य मी घरी आरशापुढे म्हणून पाहिलं होतं, तरी ते धड बाहेर आलं नाही, दोनदा म्हणावं लागलं. 

मग मागच्या बाकावरची एक उठली. “मग तो शब्द आला कुठून?” मी म्हटलं, “माहीत नाही. कोणालाच नाही.” तिला ते काही पटलं नाही. म्हणाली, “मग तुमच्या भावाने असं का लिहिलं?”

मला सांगता आलं असतं की चुकून. दुवेणीही माझ्याकडे बघत होती, ती मला अडवणार नव्हती. मी म्हटलं, “आमचे वडील एका कारखान्याच्या फाटकावर होते. मुलं त्यांना हा शब्द म्हणून चिडवायची. आम्हाला त्यांची लाज वाटायची.”

टिल्ल्या, मला वाटत होतं आता छत कोसळेल. मुलींना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. एकीने विचारलं, “दिवसभर उभं राहायचे?” मी म्हटलं, “हो.” दुसरीने विचारलं, “उन्हात पण?” मी म्हटलं, “हो गं, उन्हात पण.”  सगळ्या वर्गासमोर मी रडले, रुमाल काढायचंही सुचलं नाही. आपण दोघांनी कधी अण्णांना हे विचारलं होतं का रे? मला आठवत नाही, आणि तुलाही आठवणार नाही.

दुवेणीने मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि फळ्याकडे वळून तास पुढे चालू केला.

ताई